दोन गुणोत्तरे, दोन गुणक

वाचकाचे पत्र : माझा मुलगा दहावीला, मराठी माध्यमात आहे. एकसामयिक समीकरणांची, म्हणजे त्याच दोन अज्ञात संख्यांच्या दोन समीकरणांची, जोडी दिली की तो ती पटकन सोडवतो, ती सोडवण्याची क्रेमरची पद्धतही त्याला येते. मात्र शाब्दिक उदाहरणात गुणोत्तर आले की तो अडतो, किंवा काहीतरी करून उत्तर काढतो आणि ते चुकते. त्याच्या वहीतील दोन उदाहरणे सोबत उतरवून पाठवत आहे. क्लासच्या सरांचे म्हणणे असे की उदाहरणांचे प्रकार ठरलेले असतात, ते पाठ करून टाकावेत. मी स्वतः वाणिज्य शाखेतून बारावी झाले आहे. मी त्याला घरी शिकवू शकेन का, की क्लास बदलावा? — एक आई, जिल्हा सांगली

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण वहीतील उदाहरणे खाडाखोडीसह जशीच्या तशी उतरवून पाठवलीत हे फार चांगले केलेत. ‘मुलाला गणित जमत नाही’ एवढ्या वाक्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही. चूक नेमक्या कोणत्या ओळीत झाली हे दिसले की मग बोलता येते. आपल्या मुलाची चूक समीकरणे सोडवण्यात मुळीच नाही. ती समीकरण लिहिण्याच्या आधीच्या ओळीत, म्हणजे ‘मानू’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत आहे, आणि त्यामुळे त्याला समीकरणांच्या आणखी शंभर जोड्या सोडवायला दिल्या तरी ती जाणार नाही.

पहिले उदाहरण असे आहे : दोन भावांच्या मासिक उत्पन्नांचे गुणोत्तर ७ : ५ आणि मासिक खर्चांचे गुणोत्तर ३ : २ आहे, प्रत्येकाची बचत ४००० रुपये असल्यास प्रत्येकाचे उत्पन्न किती? वर्गात एक्स, वाय आणि के ही अक्षरे वापरतात. मी इथे क्ष, य आणि क लिहीत आहे, एवढाच फरक. मुलाने उत्पन्ने ७क आणि ५क मानली, खर्च ३क आणि २क मानले, मग ७क − ३क = ४००० असे लिहून क = १००० काढले, आणि ७००० व ५००० ही उत्तरे लिहून खाली दोन रेघा मारल्या. थोरल्या भावापुरते सगळे बरोबर जुळते : ७००० मिळवले, ३००० खर्चले, ४००० उरले. धाकट्याकडे मात्र त्याने पाहिलेच नाही. त्याचे उत्पन्न ५००० आणि खर्च २००० धरला तर बचत ३००० येते, आणि प्रश्नात तर दोघांचीही बचत ४००० सांगितली आहे.

इथे झाले काय, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. उत्पन्नांचे गुणोत्तर ७ : ५ आहे याचा अर्थ एवढाच की एका ठरावीक रकमेचे सात भाग एकाकडे आणि तेवढ्याच रकमेचे पाच भाग दुसऱ्याकडे आहेत, ती रक्कम किती हे गुणोत्तर सांगत नाही, म्हणून आपण तिला क म्हणतो. खर्चांचेही तसेच, पण खर्चातील एका भागाची रक्कम उत्पन्नातील एका भागाच्या रकमेएवढीच असावी असे प्रश्नात कुठेही म्हटलेले नाही. इडलीच्या पिठाला आपण तांदूळ आणि उडीद डाळ ३ : १ घेतो, चटणीला खोबरे आणि डाळ्या २ : १ घेतो, तरी पीठ ज्या वाटीने मोजले त्याच वाटीने चटणीही मोजली पाहिजे असे कोणी म्हणत नाही. प्रत्येक गुणोत्तराला त्याचा स्वतःचा गुणक असतो. तेव्हा उत्पन्ने ७क व ५क मानायची आणि खर्च ३ख व २ख मानायचे. मग बचतीची दोन वाक्ये दोन समीकरणे देतात :

७क − ३ख = ४०००
५क − २ख = ४०००

पहिल्याला २ ने आणि दुसऱ्याला ३ ने गुणले की १४क − ६ख = ८००० आणि १५क − ६ख = १२००० अशी जोडी मिळते; वजाबाकी केली की ख चा लोप होऊन क = ४००० मिळतो, आणि तो पहिल्या समीकरणात ठेवल्यावर ख = ८०००. म्हणजे उत्पन्ने २८,००० व २०,००० रुपये आणि खर्च २४,००० व १६,००० रुपये. बचत दोन्हीकडे चार हजार. आपल्या मुलाला क्रेमरची पद्धत आवडते, तर तिचाही इथे उत्तम उपयोग होतो, कारण सहगुणकांचा निश्चयक, म्हणजे क आणि ख यांच्या आधीच्या संख्यांच्या तिरप्या गुणाकारांची वजाबाकी, ७ × (−२) − ५ × (−३) म्हणजे १ येतो, त्याच संख्येने शेवटी भागायचे असते आणि भागाकार करावाच लागत नाही. एरवी लहान सहगुणक असताना ही पद्धत मला थोडी जड वाटते. चार उणे चिन्हे सांभाळताना मुले हमखास घसरतात. लोप करण्याच्या पद्धतीत तेवढा धोका नसतो. पण पद्धत कोणती वापरायची हा शेवटचा प्रश्न आहे. आधी दोन अक्षरे हवीत की एक, याचा निर्णय व्हायला हवा.

दुसरे उदाहरण वयाचे आहे. आई आणि मुलगी यांच्या आजच्या वयांचे गुणोत्तर ७ : ३ आहे आणि सहा वर्षांपूर्वी ते ३ : १ होते, तर आजची वये काढायची आहेत. वहीत ७ − ६ आणि ३ − ६ असे लिहून खोडलेले दिसते, आणि पुढे पान कोरे आहे. तीनातून सहा वजा केल्यावर उणे तीन आले तेव्हा तो थांबला. चूक झाली आहे एवढे त्याला कळले, पण कुठे झाली ते कळले नाही. सात आणि तीन ही वर्षे नव्हेत, भाग आहेत, आणि भागांतून वर्षे वजा करता येत नाहीत. आधी भागांची वर्षे करायची, म्हणजे आजची वये ७क वर्षे व ३क वर्षे मानायची, आणि मग त्यांतून सहा वर्षे वजा करायची : ७क − ६ = ३(३क − ६). यावरून ७क − ६ = ९क − १८, म्हणून २क = १२, क = ६; आई ४२ वर्षांची आणि मुलगी १८ वर्षांची. सहा वर्षांपूर्वी त्या ३६ आणि १२ वर्षांच्या होत्या, म्हणजे ३ : १. इथे गुणोत्तरे दोन असूनही गुणक एकच का पुरला, असे मुलगा विचारेल, आणि त्याने विचारलेच पाहिजे. उत्तर असे की दोन्ही गुणोत्तरे त्याच दोन माणसांच्या वयांची आहेत. आजची वये कळली की सहा वर्षांपूर्वीची आपोआप कळतात. उत्पन्न आणि खर्च यांचे तसे नाही. उत्पन्न कळले म्हणून खर्च कळत नाही.

यावरून एक तपासणी त्याला शिकवता येईल, आणि ती मला पाठ केलेल्या प्रकारांपेक्षा कितीतरी जास्त मोलाची वाटते. प्रश्न वाचून झाल्यावर पेन न उचलता त्याला विचारा की यात कोणत्या राशी माहीत नाहीत, त्यांतील किती एकमेकींपासून काढता येतात, आणि प्रश्नात एकक असलेली माहिती कोठे आहे. हा शेवटचा मुद्दा फारसा कोणी सांगत नाही. गुणोत्तराला एकक नसते. त्यामुळे प्रश्नात नुसती गुणोत्तरेच असतील आणि रुपये, वर्षे, किलो, किलोमीटर असे काहीही नसेल, तर त्यातून राशींचे आपापसांतील प्रमाण निघेल, पण प्रत्यक्ष रक्कम किंवा वय कधीच निघणार नाही. पहिल्या उदाहरणात ‘४००० रुपये’ आणि दुसऱ्यात ‘सहा वर्षांपूर्वी’ हे शब्द ते काम करतात. ते शब्द कोणत्या समीकरणात गेले हे मुलाला दाखवता आले, तर त्याने प्रश्न समजून मांडला आहे असे खुशाल समजा.

याच्याच पुढची एक गंमत त्याला करून पाहायला सांगा. उत्पन्नांचे गुणोत्तर ७ : ५, खर्चांचेही ७ : ५ आणि बचत प्रत्येकी ४००० असे उदाहरण त्याने क्रेमरच्या पद्धतीने सोडवायला घेतले, तर निश्चयक शून्य येईल. ‘मग उत्तर नाही’ एवढे लिहून त्याने पुढे जाऊ नये. उत्पन्न आणि खर्च दोन्ही ७ : ५ असतील तर बचतही ७ : ५ याच प्रमाणात उरणार, ती दोघांची सारखी कशी असेल, हे त्याला शब्दांत सांगता आले पाहिजे. आणि बचत ७००० व ५००० अशी दिली असती, तर दोन्ही समीकरणांनी क − ख = १००० हेच दोनदा सांगितले असते आणि उत्तरे अगणित निघाली असती.

आता थोडे जुन्या गणिताविषयी. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथाच्या बीजगणित या भागात अव्यक्त, म्हणजे माहीत नसलेल्या, राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे आहेत, आणि लिहिताना त्यांची या, का, नी, पी ही पहिली अक्षरे वापरली जातात. त्यातील एका उदाहरणात एक जण मित्राला म्हणतो की तू मला शंभर दिलेस तर मी तुझ्या दुप्पट धनवान होईन, आणि दुसरा म्हणतो की तूच मला दहा दिलेस तर मी तुझ्या सहापट होईन. तर दोघांकडे किती धन आहे? आपला मुलगा इथे लगेच क्ष आणि य घेईल, क्ष + १०० = २(य − १००) आणि य + १० = ६(क्ष − १०) अशी दोन समीकरणे लिहील आणि ती सोडवून ४० व १७० हे बरोबर उत्तर काढील. त्यात गैर काहीच नाही.

भास्कराचार्यांनी मात्र दोन अव्यक्ते घेतलीच नाहीत. पहिल्याचे धन त्यांनी २या − १०० आणि दुसऱ्याचे या + १०० असे कल्पिले. शंभर दिल्या-घेतल्यावर पहिल्याकडे २या आणि दुसऱ्याकडे या राहतात, म्हणजे ‘दुप्पट’ ही पहिली अट कल्पनेतच पुरी झाली, तिचे समीकरण लिहायची गरजच उरली नाही. राहिली दुसरी अट : दहा दिल्यावर दुसऱ्याकडे या + ११० आणि पहिल्याकडे २या − ११० उरतात, म्हणून या + ११० = ६(२या − ११०). हे सोडवले की ११या = ७७०, या = ७०, आणि पुन्हा तेच ४० व १७०. वर्गात ज्याला ‘के पद्धत’ म्हणतात ती हीच युक्ती. अव्यक्त अशा रीतीने निवडायचे की एक अट आपोआप पाळली जाईल आणि समीकरण फक्त दुसऱ्या अटीसाठी खर्ची पडेल.

मुले ही युक्ती फक्त मूळ राशींचे गुणोत्तर दिलेले असतानाच वापरतात. बदललेल्या राशींचे गुणोत्तर दिले की ती त्यांना सुचत नाही. उदाहरणार्थ, एका अपूर्णांकाच्या अंशात व छेदात प्रत्येकी १ मिळवला तर २/३ मिळतो आणि प्रत्येकातून ३ वजा केले तर १/२ मिळतो, तर तो अपूर्णांक कोणता? इथे अंश २क आणि छेद ३क मानणे चूक आहे, कारण २ : ३ हे गुणोत्तर एक मिळवल्यानंतरचे आहे. पण अंश २क − १ आणि छेद ३क − १ मानला तर पहिली अट पाळली जाते, आणि दुसरीवरून (२क − ४) : (३क − ४) = १ : २, म्हणजे ४क − ८ = ३क − ४, म्हणून क = ४ आणि अपूर्णांक ७/११. हेच उदाहरण त्याला क्ष आणि य घेऊनही करायला सांगा; ३क्ष − २य = −१ आणि २क्ष − य = ३ ही समीकरणे येतील आणि उत्तर तेच निघेल. दोन वाटांनी एकाच उत्तरावर पोचले की मुलांना जो धीर येतो, तो उत्तरसूची पाहून येत नाही.

राज्य मंडळाच्या २०१७ सालच्या नववीच्या गणित भाग १ मध्ये गुणोत्तर व प्रमाण हे चौथे प्रकरण आहे आणि दोन चलांतील रेषीय समीकरणे हे त्याला लागून पाचवे. तरीही दहावीच्या भाग १ मध्ये समीकरणांचे प्रकरण अगदी पहिलेच येते तेव्हा बहुतेक मुले चौथे प्रकरण विसरलेली असतात, आणि योग-वियोग क्रिया (गुणोत्तरातील दोन पदांच्या बेरजेचे त्यांच्या वजाबाकीशी गुणोत्तर घेणे) म्हणजे परीक्षेपुरती केलेली काहीतरी कसरत होती एवढेच त्यांच्या लक्षात राहते. ती किती कामाची आहे ते नावेच्या उदाहरणात दिसते. एक नाव प्रवाहाच्या दिशेने जे अंतर ३ तासांत जाते तेच अंतर प्रवाहाविरुद्ध जायला तिला ५ तास लागतात. अंतर तेच असल्याने वेगांचे गुणोत्तर वेळांच्या उलट, म्हणजे ५ : ३. नावेचा संथ पाण्यातील वेग क्ष आणि प्रवाहाचा वेग य मानला तर (क्ष + य) : (क्ष − य) = ५ : ३, आणि योग-वियोग क्रियेने लगेच क्ष : य = ८ : २ = ४ : १. प्रवाहाचा वेग ताशी २ किमी दिला असेल तर नावेचा ताशी ८ किमी. अंतर किती होते ते काढावेही लागले नाही.

आता आपल्या प्रश्नांकडे. क्लास बदलण्याची गरज मला दिसत नाही. समीकरणे सोडवण्याचा सराव तिथे चांगला झालेला आहे आणि तो उगाच मोडू नये. मात्र प्रकार पाठ करण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. वयाचे, उत्पन्न-खर्चाचे, अपूर्णांकाचे आणि नावेचे उदाहरण हे चार वेगळे प्रकार मानले, तर शेतीतील किंवा दूधडेअरीतील पाचवे उदाहरण आल्यावर मुलाकडे काहीच उरत नाही. राशी, गुणक आणि एकक या दृष्टीने पाहिले तर वरची सगळी उदाहरणे एकाच बैठकीत समजतात. बारावी वाणिज्य झालेल्या आईला हे शिकवता येणार नाही असे तर मुळीच नाही, कारण भागीदारीच्या हिशोबात नफा ३ : २ प्रमाणात वाटताना आपण नेमके हेच केलेले आहे.

शिकवताना त्याची वही तपासत बसू नका; त्याला मोठ्याने बोलायला लावा. ‘क म्हणजे काय?’ असे विचारल्यावर त्याने ‘उत्पन्नाच्या एका भागाची रक्कम, रुपयांत’ असे पूर्ण वाक्य सांगितले पाहिजे. नुसते ‘मानलेली संख्या’ हे उत्तर चालवून घेऊ नका. पडताळा समीकरणात किंमत ठेवून न घेता प्रश्नातील मूळ वाक्यांवर घ्यायला लावा, कारण समीकरणच चुकीचे मांडले असेल तर चुकीचे उत्तरही त्यात चपखल बसते, जसे त्याच्या पहिल्या उदाहरणात बसले. आणि शेवटी उत्तराचे वाक्य लिहिलेच पाहिजे; क = ४००० वर थांबून तेच उत्तर समजणारी मुले दरवर्षी गुण घालवतात. आठवड्यातून एखाद्या दिवशी उलटा खेळ खेळा : घरातल्या कोणाही दोघांची खरी वये घ्या, त्यांचे आजचे आणि काही वर्षांनंतरचे गुणोत्तर काढा, आणि त्यावरून प्रश्न त्याला तयार करू द्या. तुम्ही तो सोडवा. प्रश्न रचताना कोणती माहिती सांगावीच लागते आणि कोणती सांगितली नाही तरी चालते, हे ज्याला एकदा कळले त्याला तो सोडवताना फारशी अडचण येत नाही.

सुरुवात म्हणून त्याला हे द्या. दोन शेतकऱ्यांकडील सोयाबीनच्या पोत्यांचे गुणोत्तर ४ : ५ आहे; पहिल्याने ६ पोती दुसऱ्याला दिल्यावर ते १ : २ होते, तर सुरुवातीला प्रत्येकाकडे किती पोती होती? तो पहिल्यातून ६ वजा करील आणि दुसऱ्यात मिळवायला विसरण्याचा संभव आहे. विसरला तर सांगू नका, पडताळा घेताना त्याला स्वतःलाच सापडू द्या. बरोबर मांडले तर २(४क − ६) = ५क + ६, म्हणून क = ६, आणि पोती २४ व ३०. हे जमल्यावर विचारा की एकही समीकरण न लिहिता उत्तर काढता येईल का. दिल्या-घेतल्याने एकूण पोती बदलत नाहीत. पहिल्याचा वाटा आधी एकूण पोत्यांच्या ४/९ होता, नंतर १/३ म्हणजे ३/९ झाला, म्हणून एकूण पोत्यांचा नववा भाग म्हणजे ती दिलेली ६ पोती, आणि एकूण पोती ५४.